मार्चची परीक्षा, ऑगस्टचं वेळापत्रक : एका अमेरिकी हायस्कूलच्या नोंदी

6 जानेवारी 2025

आजपासून दोन कामं माझ्याकडे आली. पहिलं, अकरावीची सॅट, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठी वापरली जाणारी परीक्षा. दुसरं, पुढच्या वर्षाचं मास्टर शेड्यूल, म्हणजे ऑगस्टमध्ये कोणता विषय कोणत्या तासाला, कोणत्या खोलीत, कोण शिकवणार याचा तक्ता. कागदावर ही दोन वेगळी कामं आहेत. प्रत्यक्षात दोघांना तीच माणसं, त्याच खोल्या आणि तेच फेब्रुवारी-मार्च लागतात. काउन्सेलर मुलांशी विषयनिवडीबद्दल बोलत बसल्या तर परीक्षेच्या याद्या कोण तपासणार, आणि याद्या तपासत बसल्या तर मुलांशी कोण बोलणार? म्हणून दोन्हींची नोंद एकाच वहीत.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. वर्गाची ठरलेली तुकडी नसते. प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं असतं. मूल खोल्या बदलतं, शिक्षक आपल्या खोलीत असतो. दहावीतल्या एखाद्या मुलीचं गणित अकरावीबरोबर आणि फ्रेंच नववीबरोबर असू शकतं. आमच्याकडे दिवसाचे सात तास. प्रत्येक शिक्षकाचे पाच वर्ग, एक तास तयारीला, एक विभागाच्या कामाला.

आमच्या राज्यात अकरावीची राज्यपरीक्षा म्हणून सॅटच घेतात, शाळेच्याच दिवशी, शाळेतच. 2015च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानुसार वाचन आणि गणिताची परीक्षा हायस्कूलमध्ये एकदा घ्यावीच लागते, आणि किमान 95 टक्के मुलांनी ती द्यावी अशी अपेक्षा असते. म्हणजे तीनशे मुलांत पंधरा गैरहजर इथवर चालतं, सोळावा गेला की चौकशी. आमची तारीख ठरली आहे : 25 मार्च.

14 जानेवारी

विषयपुस्तिकेवर बैठक. दरवर्षी यावर जरा आवाज चढतातच. पुस्तिकेत प्रत्येक विषयाखाली ‘पूर्वअट’ असा रकाना असतो. ऑनर्सचं, म्हणजे वरच्या पातळीचं, गणित हवं असेल तर आधीच्या विषयात अमुक श्रेणी, एपी हवा असेल तर शिक्षकांची शिफारस, वगैरे. एपी म्हणजे शाळेत शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम. मे महिन्यात त्याची परीक्षा होते, गुण 1 ते 5 मध्ये मिळतात आणि बरीच कॉलेजं चांगल्या गुणांवर क्रेडिट देतात.

या वर्षी एका विभागानं सुचवलं की ऑक्टोबरच्या पीसॅटचे, म्हणजे सॅटच्या पूर्वतयारीच्या परीक्षेचे, गुणही पूर्वअटीत घालू. म्हणजे अमुक गुणांच्या खाली असाल तर एपी मागायचाच नाही. त्यांचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं. मागच्या वर्षी नोव्हेंबरात एपी सोडून गेलेल्या मुलांमुळे दुसरे वर्ग फुगले, ते त्यांनीच सोसलं.

मी विरोध केला. पीसॅटवरून एपीत कोण टिकेल याचा अंदाज सांगणारं ‘एपी पोटेन्शियल’ नावाचं साधन कॉलेज बोर्डच (सॅट, पीसॅट आणि एपीच्या परीक्षा घेणारी संस्था) देतं, आणि ज्याला तो विषय घ्यायचा आहे अशा मुलाला अडवायला ते वापरू नका, असंही कॉलेज बोर्डच सांगतं. त्याचा उपयोग उलट दिशेनं करायचा. ज्यांनी एपी मागितलाच नाही, पण ज्यांना झेपेल असं दिसतं, त्यांना बोलावून विचारायचं. घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नसलं की मुलं आपणहून मागत नाहीत. हे मी गणित शिकवत होते तेव्हाही पाहिलं आहे : वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी गप्प, आणि एपी कॅल्क्युलसच्या अर्जावर भलत्याचंच नाव.

ठरलं ते असं : गुणांची अट नाही. शिक्षकांची शिफारस हा सल्ला. तो न मानता विषय घ्यायचा असेल तर घरून सहीचं पत्र. त्यावर नोव्हेंबरातल्या गळतीचं काय, हा प्रश्न राहिलाच. त्यावर पहिल्या सहा आठवड्यांत दुपारची जादा शिकवणी, असं विभागप्रमुख म्हणाले. शिकवणीचे पैसे कुठून येणार ते उपमुख्याध्यापिका बघणार आहेत.

23 जानेवारी

आज दिवसभर सवलतींच्या याद्या. परीक्षेच्या तयारीतला हा सगळ्यात किचकट भाग, आणि ज्यांना त्याची गरज नसते त्यांना तो दिसतही नाही.

ज्या मुलांना शिकण्यात किंवा शरीरानं अडचण आहे त्यांचे आराखडे दोन प्रकारचे : विशेष शिक्षणाचा आयईपी, आणि 1973च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम 504 खालचा. पण शाळेत आराखडा आहे म्हणून सॅटला आपोआप सवलत मिळत नाही. कॉलेज बोर्डाची वेगळी मंजुरी लागते आणि ती मिळायला आठवडे जातात. म्हणून मार्चची परीक्षा असली तरी यादी जानेवारीत बंद. दुसरी मेख अशी की काही सवलती राज्याला चालतात, कॉलेज बोर्डाला चालत नाहीत. तशा सवलतीनं परीक्षा दिली तर गुण राज्याच्या हिशेबात धरले जातात, कॉलेजांना मात्र पाठवता येत नाहीत. हे पालकांना आधी सांगायला हवं. निकालानंतर कळलं तर त्यांनी भांडायलाच हवं, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता वेळेचं गणित. सॅट 2 तास 14 मिनिटांची, म्हणजे 134 मिनिटं. दीडपट वेळ असलेल्या मुलाला 201 मिनिटं, म्हणजे 3 तास 21 मिनिटं. दुप्पट वेळ असेल तर 268, म्हणजे 4 तास 28 मिनिटं. मधल्या सुट्ट्या वेगळ्या. साडेआठला सुरू केली तर सर्वसाधारण मूल अकराच्या आत मोकळं, आणि दुप्पट वेळेचं मूल एकच्याही पुढे. लवकर संपलं म्हणून उठता येत नाही. मंजूर झालेला वेळ संपेपर्यंत पुढचा भाग उघडतच नाही. म्हणजे त्या मुलाचं जेवण, त्याची बस, त्याच्या पर्यवेक्षकाचं जेवण हे सगळं वेगळं मांडायचं.

शिवाय एका खोलीत एकाच प्रकारच्या वेळेची मुलं बसवायची. ज्याला छोट्या गटात बसायचं आहे त्याची खोली निराळी, ज्याला प्रश्न वाचून दाखवायला माणूस लागतो त्याची आणखी निराळी. सवलतीची मुलं संख्येनं थोडी, पण खोल्या मात्र जवळजवळ निम्म्या. पहिल्यांदा हे काम करणारा माणूस नेमका इथेच चुकतो : मुलं मोजतो आणि खोल्या काढतो. आधी वेळेचे प्रकार मोजायचे, मग खोल्या.

इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांना शाळेच्या दिवशीच्या सॅटमध्ये दीडपट वेळ आणि मान्य यादीतला द्विभाषी शब्दकोश मिळतो, आणि त्यांचे गुण कॉलेजांना पाठवता येतात. त्या विभागाच्या बाईंना यादी मागितली आहे.

4 फेब्रुवारी

लॅपटॉप. सॅट आता पूर्ण संगणकावर असते. अमेरिकेत मार्च 2024 पासून. ‘ब्लूबुक’ नावाचं ॲप. आयटीवाल्यांनी सगळ्या यंत्रांवर चढवलं, पण ज्या मुलांनी डिसेंबरपासून यंत्र पूर्ण बंद करून चालूच केलेलं नाही त्यांच्याकडे जुनीच आवृत्ती. अशी मुलं किती असतील याचा अंदाज मी केला होता, आयटीवाल्यांनी हसून तो दुप्पट केला.

इंटरनेट सुरुवातीला आणि उत्तरं पाठवताना लागतं. मधे गेलं तर परीक्षा चालू राहते. हे पर्यवेक्षकांना तीनतीनदा सांगायचं, कारण वायफायची खूण लाल दिसली की माणूस घाबरतो आणि मग मुलंही घाबरतात. माझी खरी काळजी चार्जिंगची आहे. जुन्या इमारतीतल्या खोल्यांत भिंतीला दोन-दोन सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्डांची मागणी नोंदवली.

गणिताच्या शिक्षकांना आठवण : ॲपमध्येच आलेखाचा कॅल्क्युलेटर, डेस्मॉस, असतो. मुलांना तो आधी वापरायला लावा. परीक्षेच्या दिवशी नव्यानं ओळख नको.

13 फेब्रुवारी

विषयांच्या मागण्या आल्या. म्हणजे जवळजवळ आल्या. नववीतल्या काहींनी पर्यायी विषयाच्या जागी ‘काहीही’ असं लिहिलं आहे, त्यांना पुन्हा बोलावलं.

आता भागाकार. बीजगणित 2 ला 163 मुलं, वर्गात 28 धरली तर सहा वर्ग. एका शिक्षकाचे पाच वर्ग, म्हणजे या एका विषयाला एक पूर्ण शिक्षक आणि दुसऱ्याचा पाचवा हिस्सा. असं प्रत्येक विषयाचं करत गेलं की शेवटी विभागाची बेरीज नेमक्या माणसांत बसत नाही. कुणाचा तरी एक तास उरतो, कुणाचा तरी एक कमी पडतो. मग गणिताच्या शिक्षकाला प्रोग्रॅमिंगचा एक वर्ग, समाजशास्त्राच्या शिक्षकाला अभ्यासिका, अशी जुळवाजुळव.

अवघड निर्णय लहान आकड्यांचे असतात. स्पॅनिश 4 ला अकरा मुलं. चालवायचा की नाही? अकरा मुलांसाठी एक तास द्यायचा म्हणजे तो तास बीजगणितातून काढायचा, आणि तिथे 28चे 33 होणार. न चालवायचा तर तीन वर्षं भाषा धरून बसलेल्या मुलांना शेवटच्या वर्षी दार बंद. तोडगा नेहमीचाच : स्पॅनिश 4 आणि एपी स्पॅनिश एकाच खोलीत, एकाच तासाला, एकाच बाईंकडे. आकडा सुटतो आणि बाईंची तयारी दुप्पट होते. बाई तयार झाल्या. त्यांना तयारीचा तास दिवसाच्या शेवटी हवा आहे, तो मी देणार. हे वेळापत्रक बनवणाऱ्याच्या हातात असतं आणि ते बिनदिक्कत वापरावं.

20 फेब्रुवारी

संघर्ष-तक्ता काढला. मला या कामातला सगळ्यात आवडता कागद हाच. आडवे-उभे सगळे विषय, आणि प्रत्येक चौकटीत एकच आकडा : हे दोन्ही विषय मागणारी मुलं किती. एपी फिजिक्स आणि बँड या चौकटीत सात. एपी फिजिक्स आणि मोटार दुरुस्ती या चौकटीत शून्य. (तो शून्य मला दरवर्षी खटकतो. पण तो वेळापत्रकातला दोष नाही; तो पाचवी-सहावीपासून तयार होत आलेला असतो.)

ज्या विषयाचा वर्षभरात एकच वर्ग असतो त्याला इथे सिंगलटन म्हणतात. आमच्याकडे पुढच्या वर्षी असे 24. तास सात. 24 विषयांच्या जोड्या 276. चोवीस विषय सात तासांत कितीही समान वाटले तरी तीन तासांत चार-चार आणि चार तासांत तीन-तीन बसणार. चारांच्या तासात सहा जोड्या एकमेकींवर आदळतात, तीनांच्या तासात तीन. सहा त्रिक अठरा आणि तीन चोक बारा, एकूण तीस. म्हणजे कितीही हुशारीनं मांडलं तरी 276 पैकी किमान 30 जोड्या एकत्र घेणं अशक्यच राहणार. आपल्या हातात एवढंच की त्या तीस कोणत्या.

म्हणून कुणी ‘सगळ्यांना हवं ते मिळेल’ असं सांगू लागलं की मी गप्प बसते. सॉफ्टवेअर रिकाम्या चौकटी शोधतं, शून्यवाल्या जोड्या एकत्र टाकतं, आणि ते काम माणसापेक्षा फारच चांगलं करतं. संगणकावर शाळांची वेळापत्रकं करण्याचे प्रयत्न 1960च्या दशकातच स्टॅनफर्डला झाले. मग 1976 मध्ये एव्हन, इताय आणि शमीर यांनी सिद्ध केलं की वेळापत्रकाचा प्रश्न अगदी सोप्या रूपातही एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे सगळ्या उदाहरणांवर झटपट चालणारी रीत सापडेल अशी आशा फारशी धरू नये. (यातले शमीर म्हणजे पुढच्याच वर्षी आलेल्या आरएसए कूटलेखनातले ‘एस’.) पण माझी अडचण गणिताच्या आधीची आहे. सात मुलांचा बँड आणि फिजिक्स अडला तर सात पालकांचे ईमेल दुसऱ्या दिवशी येतात. तीन मुलांचा, समजा, वेल्डिंग आणि इंग्रजीचा आधार-वर्ग अडला तर एकही ईमेल येत नाही. सॉफ्टवेअरला सात हे तीनपेक्षा मोठे दिसतात. आकडा म्हणून ते खरंही आहे. पण त्या तिघांचं इंग्रजी बुडालं तर हायस्कूलची पदवीच लांबते, आणि बँडच्या सातांना फिजिक्सऐवजी दुसरं विज्ञान मिळतं. म्हणून प्रत्येक चौकटीतल्या आकड्याला मी हातानं वजन देते : पदवीसाठी लागणारा विषय असेल तर तिप्पट. हे वजन कुठल्या पुस्तकात सांगितलेलं नाही. उपमुख्याध्यापिकांना दाखवलं, त्यांनी मान्य केलं, बैठकीच्या टिपणात लिहून घेतलं. लिहून घेणं महत्त्वाचं. जूनमध्ये कुणी विचारलं तर ‘सॉफ्टवेअरनं केलं’ असं म्हणायची वेळ येऊ नये.

संध्याकाळी एका मराठी आईचा फोन. आडनाव ओळखून नंबर शोधला असावा. “ताई, तुम्हीच सांगा ना त्याला, ऑर्केस्ट्रा सोड म्हणून. एपी कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं सोडून व्हायोलिन घेऊन बसलाय.” म्हटलं, “अहो, दोन्ही मिळतंय का ते आधी मला बघू द्या. मिळालं तर सोडायचं कशाला? आणि नाही मिळालं, तर काय ठेवायचं ते त्यालाच ठरवू द्या, सोळा वर्षांचा झालाय.” त्या म्हणाल्या, “तुम्ही पण त्याच्याच बाजूच्या.” तक्ता पाहिला. ऑर्केस्ट्रा आणि एपी कॉम्प्युटर सायन्सच्या चौकटीत नऊ. ही जोडी आदळणार नाही.

5 मार्च

परीक्षेच्या दिवसाची माणसं. अकरावीला सॅट, तर बाकीच्यांचं काय? शिक्षक पर्यवेक्षणात गेले की वर्ग घेणार कोण? ठरवलं : दहावीला त्याच सकाळी पीसॅट 10, नववीला पीसॅट 8/9. त्यांचा वेळही तेवढाच असतो, त्यामुळे घड्याळ एक राहतं. बारावी दुपारी येईल. काही पालकांना हे परीक्षांचं अजीर्ण वाटतं आणि मला त्यांचं पटतं, पण नववी-दहावीचे वर्ग त्या सकाळी नीट चालूच शकत नाहीत. अर्धे शिक्षक नसलेली शाळा चालवण्यापेक्षा हे बरं.

बाकी कामं पटकन : घंटा बंद. माइकवरच्या सूचना बंद. त्या आठवड्यातला आगीचा सराव पुढे ढकलला. गवत कापणाऱ्यांना निरोप. व्यायामशाळेत कुणी चेंडू आपटणार नाही हे दोनदा सांगितलं, कारण तिच्या भिंतीपलीकडेच वाचून दाखवण्याची खोली आहे. मोबाइलसाठी प्रत्येक खोलीत नावाची पाकिटं. दर मजल्यावर एक फिरता माणूस, जो पर्यवेक्षकाला पाच मिनिटं बाहेर जाऊ देईल. दहावी-बारावीच्या केंद्रावर काम केलेल्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. फक्त इथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि सीलबंद पाकिटं नाहीत, सगळं पर्यवेक्षकाच्या पडद्यावर.

13 मार्च

रंगीत तालीम. मुलांनी ॲप उघडून नमुना प्रश्न सोडवले. पासवर्ड विसरलेली मुलं, कीबोर्डची तुटलेली कळ, एका मुलाकडे चुलत भावाचा लॅपटॉप. सगळं आजच निघालं ते बरं.

पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणात एका सरांनी विचारलं की दुसरा भाग सोपा आला म्हणजे पहिला वाईट गेला असं मुलं म्हणतात, खरं का? खरं आहे. वाचन-लेखन आणि गणित, दोन्हींचे दोन-दोन भाग असतात आणि पहिल्यावरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. वाचन-लेखनात 27 आणि 27 प्रश्न, 32-32 मिनिटं. गणितात 22 आणि 22, 35-35 मिनिटं. मुलांना एवढंच सांगायचं की परीक्षेत बसून असा अंदाज बांधत बसू नका. अवघड वाटतं की सोपं हे त्या घटकेला कुणालाच धड कळत नाही.

25 मार्च

परीक्षा.

7:10 — खोल्यांच्या चाव्या, याद्या, प्रवेशिका वाटल्या. दोन पर्यवेक्षक आजारी. राखीव दोघे आत.

8:05 — मुलं आत. नाश्त्याची सोय स्वयंपाकघरानं आपणहून केली होती, मी सांगितलंही नव्हतं.

8:40 — एक खोली सोडून सगळ्या सुरू. त्या खोलीत सुरू करण्याचा सांकेतिक क्रमांक फळ्यावर चुकीचा लिहिला गेला होता. दोन मिनिटांत सुटलं.

9:25 — एका मुलीचा लॅपटॉप बंद पडला. चार्जर लावून परत चालू केला, जिथे होती तिथूनच सुरू झालं, वेळही बुडाला नाही. ॲप असं करतं हे वाचलं होतं. तरी ती उत्तरं परत दिसेपर्यंत पर्यवेक्षक बाई तिच्या शेजारी उभ्या होत्या.

10:58 — सर्वसाधारण खोल्या मोकळ्या. इथे खरी अडचण : बाहेर आलेली शेकडो मुलं आणि आत अजून लिहीत असलेली मुलं यांच्यामध्ये एक दार. पूर्वेकडचा जिना बंद ठेवला, सगळ्यांना थेट जेवणाच्या हॉलमध्ये नेलं. आवाज आला नाही असं म्हणता येणार नाही, पण थोडकाच.

1:20 — शेवटची खोली. त्यातल्या मुलाला विचारलं कसं गेलं. म्हणाला, “भूक लागली.”

27 मार्च

गैरहजरांची यादी. पंधरापेक्षा जास्त आहेत. बरीचशी आजारी, काही नेहमीचीच गैरहजर, ज्यांना परीक्षेच्या आधीच शाळेनं गाठायला हवं होतं. त्या घरांना आज फोन. पुन्हा घेण्याची तारीख 8 एप्रिल.

8 एप्रिल

पुनर्परीक्षा झाली. 95चा टप्पा ओलांडला.

10 एप्रिल

वेळापत्रकाची पहिली मांडणी. क्रमाबद्दल थोडं लिहून ठेवते, कारण सगळा निकाल क्रमावर ठरतो.

बऱ्याच शाळा आधी सिंगलटन ठेवतात : एपी, बँड, चौथ्या वर्षाच्या भाषा. मग दोन-दोन वर्ग असलेले विषय, मग मोठे विषय, आणि सगळ्यात शेवटी विशेष शिक्षणाचे सहअध्यापन वर्ग, जिथे विषयशिक्षक आणि विशेष शिक्षक एकाच वर्गात असतात. शेवटी ठेवल्यानं होतं असं की विशेष शिक्षकाला नेमका मोकळा तास उरत नाही, आणि सहअध्यापन कागदावर राहतं. दुसरं म्हणजे ती मुलं उरलेल्या तासांत कोंबली जातात. मग चित्रकला नाही, कार्यशाळेचं काम नाही, बँड नाही.

मी उलटं केलं. आधी सहअध्यापनाचे वर्ग आणि इंग्रजी शिकणाऱ्यांचे वर्ग, प्रत्येकाला शिक्षकांच्या जोडीसकट. त्यानंतर शेजारच्या मिडल स्कूलबरोबर वाटून घेतलेले शिक्षक, कारण ते ठरावीक वेळीच गाडीनं येतात. त्यानंतर सिंगलटन. मोठे विषय शेवटी. बीजगणिताचे सहा वर्ग कुठेही बसतात.

एपीचे सगळे वर्ग सकाळी घेऊ नका, असंही ठरवलं. सकाळी मुलं ताजी असतात हे खरं, पण तसं केलं की एपीची मुलं दिवसभर एकमेकांबरोबरच फिरतात आणि उरलेल्या वर्गांत उरलेली मुलं. कुणीही न ठरवता शाळेच्या आत दोन शाळा होतात.

चाचणी चालवली. सॉफ्टवेअरनं बहुतेकांच्या मागण्या बसवल्या, न बसलेल्यांची यादी दिली. यादी लांब आहे. पहिल्या खेपेला असतेच. बँडचे सर येऊन यादी पाहून गेले आणि काही न बोलता गेले, ते मला जास्त लागलं.

24 एप्रिल

गुण येऊ लागले. आणि अपेक्षेप्रमाणे ईमेलही : अमुक मुलाला गणितात 520, कॉलेज बोर्डाचा तयारीचा टप्पा 530, तर त्याला पुढच्या वर्षी प्री-कॅल्क्युलसमधून काढून खालच्या वर्गात घालू या का?

नाही. निकालपत्रावर प्रत्येक गुणाभोवती एक पट्टा छापलेला असतो : हीच परीक्षा पुन्हा दिली असती तर गुण साधारण इथे पडले असते. 520 आणि 530 एकाच पट्ट्यात येतात. दहा गुणांवर वर्षभराचं गणित ठरवणं म्हणजे ती मोजपट्टी जेवढं सांगते त्याहून जास्त तिच्या तोंडी घालणं. आणि त्या मुलाची तीन वर्षांची गृहपाठाची, चाचण्यांची, वर्गातली नोंद समोर आहेच.

जानेवारीत ठरलेलं वाक्य पुन्हा पाठवलं : गुणांमुळे नवा विषय मिळू शकतो, मागितलेला जाऊ शकत नाही. आणि त्याप्रमाणे उलटी यादी काढली, म्हणजे गुण चांगले आणि मागण्या साध्या अशा मुलांची. काउन्सेलर त्यांना एकेक करून बोलावत आहेत. आज एकीनं एपी स्टॅटिस्टिक्स घेतलं. दुसऱ्यानं नाही म्हटलं, शाळेनंतर काम करतो, वेळ नाही म्हणाला. तेही उत्तरच आहे. पण त्याला मी उन्हाळ्यात पुन्हा विचारणार.

5 मे

एपी सुरू. दोन आठवडे, 16 तारखेपर्यंत. या वर्षी 28 विषयांची परीक्षा ब्लूबुकवर. त्यातल्या काहींत, गणित-विज्ञानासारख्या विषयांत, प्रश्न पडद्यावर आणि सविस्तर उत्तरं हातानं वहीत. म्हणजे लॅपटॉपही आणि कागदाचे गठ्ठेही, दोन्हींचा हिशेब. मार्चची खोल्यांची यादी जशीच्या तशी कामाला आली, सवलतींचीही.

व्यायामशाळा दोन आठवडे बंद. व्यायामाचे शिक्षक मैदानावर. पाऊस आहे.

22 मे

न बसलेल्या मागण्या आता थोड्याच उरल्या. प्रत्येकाशी काउन्सेलर बोलल्या आहेत. बँड-फिजिक्सचे सातही बसले. त्यासाठी एपी फिजिक्स तिसऱ्या तासावरून सहाव्यावर नेला, आणि त्यामुळे फिजिक्सच्या सरांचा शेवटचा मोकळा तास गेला. त्यांच्या मुलीला शाळेतून आणायची वेळ तीच होती. तयारीचा तास पाचवा दिला आहे, पण त्यानं भागत नाही हे दोघांनाही माहीत आहे. विभागातल्या एका बाईंनी आठवड्यातून दोनदा अदलाबदल करायची तयारी दाखवली.

वेल्डिंग आणि इंग्रजीचा आधार-वर्ग, तिघेही बसले. एपी लॅटिन आणि ज्वेलरी डिझाइन ही जोडी बसली नाही. एकच मुलगी. तिनं लॅटिन ठेवलं, आणि कलेच्या बाई तिला जेवणाच्या सुट्टीत भट्टी वापरू देणार आहेत.

पुढे : पडताळणीपत्रकं 2 जूनला घरी. दोन वर्गांना अजून खोली नाही. एका विज्ञान शिक्षकाची नेमणूक बाकी, त्याच्या नावाच्या जागी तक्त्यात ‘नवीन 1’ आहे. शिकवणीच्या पैशांबद्दल उपमुख्याध्यापिकांना पुन्हा विचारायचं.